शिडीला बांधलेली निळी टाकी

मंडळी, जुन्या मिनीबसचं आम्ही दोघांनी फिरतं घर केलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सांडपाण्याची निळी टाकी आत कुठेच मावेना, म्हणून ह्यांनी ती मागच्या शिडीला बांधली. खाली तोटी.

आज सकाळी किन्हवलीच्या पुढे एका पाड्याच्या विहिरीपाशी थांबलो. विहीर कोरडी. गाडीत चहा प्यायलो, उतरून मागे गेले, तर टाकीमागे हंड्यांची रांग! इकडे टँकर आला की बायका हंडा ठेवून नंबर लावतात. आमची टाकी बघून त्यांनी तेच केलं होतं.

एक म्हातारी तोटीखाली हंडा भरत होती.

मी ओरडले, "आजी, ते भांडी घासलेलं पाणी आहे!"

तिने तोटी बंद केली. "वास येत व्हता गो. पन टँकरच्या पान्याला बी येतो."

आमचं पिण्याचं पाणी काढून दिलं. दोन हंड्यांत संपलं. बाकीच्यांनी रिकामे हंडे उचलले.

मग आजी म्हणाली, "माज्या आदी एक हंडा भरून गेला."

कुणाचा, ते सांगेना. आम्ही दारोदार विचारलं. पण असलं पाणी घरात नेलं हे कबूल कोण करणार?

तुम्ही तुमची टाकी कुठे ठेवता? आमची आता आत, झोपायच्या बाकाखालचं सामान काढून तिथे कोंबली आहे. दर वळणाला ती हिंदकळते, आणि मला वाटतं, कुणीतरी भरलेला हंडा घेऊन घरी चाललंय.