आटलेलं टोपडं

माझा धंदा टोप्या शिवण्याचा. सोलापुरात गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की मी यंत्रावर बसायचो आणि दिवसभर लोकांची डोकी मोजायचो. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की नुसत्या नजरेनं माप सांगायचो. मागून फीत लावली तरी पाव इंचाचा फरक पडत नसे. याचा मला ताठा होता. म्हणूनच पुढचं लिहिताना अजून कान तापतात.

लग्नानंतर नऊ वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. बारशाला मी स्वतः टोपडं शिवलं. पांढरा मांजरपाट, कडेला लाल पट्टी, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. आमच्या घरात तान्ह्या मुलाला फीत लावत नसत. मोजलं की वाढ खुंटते, असं सगळे म्हणत. मुलाचं नवं माप जुन्या कपड्यावरून घ्यायचं. मीही तेच करत आलो होतो.

तिसऱ्या महिन्यात पोरीला मोठा ताप आला. मान ताठ झाली. आठ दिवस ती धनुष्यासारखी वाकून रडत होती. मग ताप उतरला, पोर पुन्हा दूध ओढू लागली, आणि आम्ही देवाला नारळ फोडून मोकळे झालो. पंधरवड्यानं बायको म्हणाली,

"अवं, टोपडं बसंना झालंय."

कोरा मांजरपाट पाण्यात आटतो, हे शिंप्याच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी विचारलं, "गरम पाण्यात धुतलंस?"

"न्हाय की. गारच व्हतं पाणी."

"गार पाण्यानं एवढं आटतं होय? सांगतेस कुणाला!"

मागची शिवण उसवली, आत दुमडलेलं कापड थोडं सोडलं, पुन्हा टाके घातले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. त्या वेळी दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत मी तिच्यावर ओरडलो. "एक टोपडं नीट धुता येत नाही!" ती डोळे पुसून आत गेली. तिसऱ्या वेळी तिनं मला सांगितलंच नाही. टोपडं गुपचूप यंत्राजवळ ठेवलं, आणि मीही ते गुपचूप उसवलं.

खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी मला कळलं होतं. एकदा आटलेलं कापड पुन्हा पुन्हा तेवढं आटत नाही. माझ्या बोटांना ते ठाऊक होतं. पण बोटांचं ऐकलं असतं तर डोकं नको तितकं वाढतंय असं म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायची माझी छाती नव्हती. शेजारी कुणी विचारलं तर मी हसून सांगे, "डोकं मोठं, नशीब मोठं."

शेवटी धीर केला तो तिनं. एका सकाळी पोरीला पदराखाली घेऊन ती दुकानासमोरून निघाली.

"कुठं चाललीस?"

"दवाखान्यात. पोरीची बुबुळं खाली चाललीत, वर नुसतं पांढरं दिसतंय. माज्याकडं बघतबी न्हाय. तुमास्नी यायचं तर या, न्हायतर बसा टोप्या शिवत."

मी कात्री तशीच टाकली आणि मागं धावलो.

दवाखान्यातले डॉक्टर साठीला आलेले होते. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा. त्यांनी पोरीच्या टाळूवर दोन बोटं ठेवली. टाळू फुगून तट्ट झाली होती. कपाळावरच्या निळ्या शिरा बघितल्या आणि त्यांनी खिशातून फीत काढली. बायको पुढं झाली.

"फीत नगं, डाक्टर. वाढ खुंटती."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, फितीनं हे डोकं वाढायचं थांबलं तर मी रोज दहा वेळा लावीन. मला तेच तर हवंय."

माप घेऊन ते म्हणाले, "आज एवढं आहे. पण महिन्यापूर्वी किती होतं? किती वेगानं वाढतंय, ते कळायला हवं."

बायको माझ्याकडं बघू लागली. मी गप्पच राहिलो असतो. पण माप घेताना काढलेलं टोपडं समोर मेजावर पडलं होतं. मी ते उचललं, उलटं केलं आणि मागची बाजू उजेडाला धरली. उसवलेल्या प्रत्येक शिवणीची सुईच्या भोकांची एकेक रांग कापडात स्पष्ट दिसत होती.

"ही बारशाची," मी म्हणालो. "ही मैंदर्गीच्या बाजाराला टोप्या घेऊन गेलो, त्याच्या आदल्या दिवसाची. ही त्यानंतर पंधरा दिवसांनी. आणि ही गेल्या अमावास्येची."

बायकोनं रांगा पाहिल्या. मग माझ्याकडं पाहिलं.

"म्हंजे तुमास्नी ठावं व्हतं?"

"होय."

"आन् मला बोलत व्हता, गरम पाणी, गरम पाणी!"

डॉक्टरांनी एकेका रांगेला फीत लावून आकडे लिहून घेतले. "टोपीवाले, इतकी नीट नोंद मला कुणी कागदावरही आणून देत नाही," ते म्हणाले. "पण देवानं तोंडही दिलंय, ते नुसतं बायकोवर ओरडायला नव्हे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या डोक्यात थोडं पाणी असतं. ते आतल्या पोकळ्यांत तयार होतं, तिथून बाहेर येतं, पाठीच्या कण्यापर्यंत उतरतं आणि रक्तात मुरतं. पोरीचं पाणी साचत होतं. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर आतली वाट बुजली होती, नाहीतर वाट मोकळी होती पण पाणी मुरत नव्हतं. वाट बुजली असेल तर त्यांच्या हातात काही नव्हतं. गाडी धरून मुंबई गाठायची, आणि तिथंही भरवसा नाही. हे ठरवायला टाळूतून सुईनं डोक्यात औषधी रंग सोडायचा आणि थोड्या वेळानं पाठीतून पाणी काढून बघायचं.

मला सुईच्या पुढचं काही ऐकूच आलं नाही. बायकोला मात्र पटकन उमगलं. ती सांगोल्याकडची, पाण्यासाठी जन्म काढलेल्या माणसांतली.

"आमच्याकडं बी असंच करत्यात की," ती म्हणाली. "वरच्या हिरीत भुसा टाकायचा आन् खालच्या झऱ्याला निगतो का बगायचा. निगाला तर झरा तिचाच."

"बाई, तुम्ही माझं निम्मं काम केलंत," डॉक्टर म्हणाले.

रंग सोडला. अर्धा तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि मला ते रास्त वाटत होतं. मग त्यांनी आत बोलावलं. पाठीतून काढलेलं पाणी काचेच्या नळीत होतं, साध्या पाण्यासारखं. डॉक्टरांनी त्यात कसल्याशा क्षाराचे दोन थेंब टाकले, आणि नळीतलं पाणी गुलाबी झालं. आमच्या सोलापुरात सुताचे रंग पायलीचे पन्नास. पण तसा गुलाबी मी पुन्हा कुठं पाहिला नाही.

"निगाला भुसा!" बायको ओरडली.

"निघाला," डॉक्टर हसले. "वाट मोकळी आहे. तापानं आतली जमीन थापल्यासारखी घट्ट झाली आहे, म्हणून पाणी मुरत नाही. जमीन पुन्हा भुसभुशीत होईपर्यंत आपण पाठीतून जादा पाणी काढत राहू. होईलच असं वचन देत नाही. पण करून बघण्यासारखं आहे."

ते टोपडं त्यांनी नोंदीसाठी ठेवून घेतलं. मी नवं शिवलं, जरा सैल.

आठवड्यातून दोनदा जायचो. पोरीला गुडघे पोटाशी दुमडून, कुशीवर घट्ट धरून ठेवायचं काम मी मागून घेतलं. ती माझ्या अंगठ्यापाशी तोंड आणून रडायची. सुरुवातीला सुईतून पाणी पिचकारीसारखं यायचं. सुई काढली की बायको स्वतःच म्हणायची, "लावा फीत, डाक्टर. दोनदा लावा." चौथ्या आठवड्यात पाणी थेंबाथेंबानं येऊ लागलं. सहाव्या आठवड्यात माप मागच्या वेळेइतकंच भरलं. त्याच्या पुढच्या वेळीही तेवढंच. आणि एका सकाळी डॉक्टर वाकले असताना पोरीनं वर बघितलं, सरळ वर, आणि त्यांच्या चष्म्याचा दोरा मुठीत पकडला. चष्मा खाली पडला. डॉक्टर जमिनीवर चाचपडत म्हणाले, "शाबास! आता सुई बंद."

महिनाभर घरात सणासारखं चाललं होतं. बायको माझ्याशी बोलू लागली होती, पण त्या गरम पाण्याबद्दल कुणीच काही काढत नव्हतं. मग एके दिवशी ती नवं टोपडं घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"बसंना झालंय."

मी फीत घेऊन आत गेलो. पोरीच्या डोक्याला लावली. भरला तो डॉक्टरांचाच शेवटचा आकडा. पुन्हा लावली. तोच. तिसऱ्यांदा बायकोनं फीत ओढून घेतली, स्वतः लावली आणि आकडा माझ्याकडून वाचून घेतला. तोच.

मी टोपडं हातात घेतलं. कापड दाट झालं होतं, कडेची पट्टी चुरगळून वर आली होती. माझ्या बोटांना लगेच कळलं, आणि या वेळी मी त्यांचं ऐकलं. पण विचारायची हिंमत होईना. शेवटी भीत भीत म्हणालो,

"रागावू नको. हे... गरम पाण्यात धुतलंस?"

"व्हय," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा. चांगलं खळाखळा उकाळलंय." आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच उमगलं. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. पोर आमच्याकडं टकामका बघत होती.

मी तिच्यासमोर बसून दोन्ही कान धरले. दुकानात गिऱ्हाइकं होती, दार उघडं होतं. मी मुद्दामच लावलं नाही.

"उठा आता," ती म्हणाली, "आन् पोरीला टोपडं शिवा. ह्या बारीला कापड आधी भिजवून घ्या."