जीपचालकाचा खाकी शर्ट

गेल्या हिवाळ्यात तळोद्याच्या वरच्या एका पाड्यावर पोलिसांवर विश्वास आहे का, असे विचारल्यावर प्रत्येक घराने ‘पूर्ण आहे’ असे सांगितले. पोलिसांच्या धाकाने माणसे दवाखाना टाळतात का, हे आम्हाला आरोग्य संशोधनासाठी मोजायचे होते.

शेवटच्या घरातली बाई उत्तर देताना आमच्या जीपचालकाकडेच बघत होती. त्याच्या अंगात खाकी शर्ट होता.

“माय, हाऊ डायवरना शर्ट शे, पोलीसना नही!” म्हणत त्याने तो काढला.

सोबतच्या आशाताईंनी ते तिच्या पावरी बोलीत सांगितले. बाई हसली. “पोट बघून ड्रायव्हर वाटलाच नाही,” तिचे उत्तर आशाताईंनी मराठीत ऐकवले.

मग तिने ‘विश्वास नाही’ असे सांगितले आणि शेताकडे हाक मारली. तापाने थरथरणारा नवरा तुरीतून बाहेर आला. मोहाच्या दारूवरून पोलिसांनी त्याला एकदा उचलले होते. दवाखान्याच्या फाटकाशीच चौकी असल्याने तो तिकडे जात नव्हता.

चालकाने त्याला घेऊन बनियनवरच जीप दवाखान्याकडे हाकली. फाटकावर कोणी अडवले नाही. तपासणीत मलेरिया निघाला. औषधाने ताप उतरला आणि तो घरी परतला.