पाहुण्यासाठी निवळलेला हंडा

गेल्या मंगळवारी महाडच्या औद्योगिक वसाहतीमागच्या एका वाडीत जे घडले, ते क्रमाने लिहितो... कारण त्यात खोटे कोणीच बोलले नाही.

तिथल्या पार्वतीबाईंच्या विहिरीला कित्येक महिने कारखान्यांच्या रंगाचे तांबडे पाणी येते. वाडीला टँकर मिळावा म्हणून त्यांनी तक्रार केली होती आणि पाण्याच्या तपासणीला सरकारी साहेब येणार होते.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. त्यांच्या परसात माझा एक प्रयोग चालू होता. चिकणमाती आम्लात धुवायची, तिच्यात लोहाचे क्षार मुरवायचे आणि ती भाजायची. पाण्यात ही माती आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की रंगद्रव्य तुटते. माती ती क्रिया घडवते, स्वतः खर्ची पडत नाही.

त्या सकाळी प्रथमच हंडाभर पाणी निवळले. मी पार्वतीबाईंना बजावले, रंग गेला म्हणजे विष गेले असे सिद्ध होत नाही. हे प्यायचे नाही.

"नाय पीत, सर. पन बगा ना, पयल्या हिरीवानी दिसतंय..."

मी मागे माती गाळत बसलो. पुढे अंगणात जीप येऊन गेली, ते मला कळलेच नाही. पार्वतीबाईच आनंदाने सांगत आल्या.

दारी आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी द्यायचे, ही इथली रीत. त्यांनी तोच हंडा पुढे केला. साहेबांनी पाय धुतले, पाणी याच विहिरीचे ना, एवढे विचारले आणि नमुन्याची बाटली त्याच हंड्यातून भरली.

"मी बोलले, हो, आमच्याच हिरीचं हाय."

उत्तर खरे होते. निष्कर्ष तेवढा खोटा निघणार होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कार्यालयात जाऊन, नमुना माझ्या मातीने निवळलेल्या पाण्याचा होता, असा खुलासा केला. पाणी स्वच्छ आढळले, टँकरची आवश्यकता दिसत नाही, हवे तर नव्याने तक्रार करा... असे शांतपणे सांगण्यात आले.

वाडीत परतून मी हे सांगितले, तेव्हा पार्वतीबाईंनी मलाच विचारले.

"पावन्याच्या पायावर तांबडं पानी घालू, सर? तुमी घातलं असतंत?"

प्रत्येक गृहीतक तपासावे, असे मी आयुष्यभर शिकवले. हे गृहीतक माझ्या यादीत कधीच नव्हते.

नवी तक्रार दिली आहे. साहेब पुन्हा येईपर्यंत विहिरीच्या पाण्यात माती घालायची नाही, असे ठरले आहे.

हंड्याच्या तळाशी थोडे निवळ पाणी उरले होते. मी निघताना पार्वतीबाईंनी ते माझ्या हातांवर घातले... आणि मला नको म्हणवले नाही.