किल्ली खिशात घालणारा अण्णा

तारिहाळच्या त्या मेकॅनिकइतका उद्धट माणूस अख्ख्या हुबळीत नाही. माझ्या पिकअपचं स्टिअरिंग वळवलं की असं करकरायचं, की रायापूरच्या म्हशी पान्हा चोरायच्या. मी आवाजाचं वर्णन सुरू केलं, तर खेकसला, "सुम्निरो, गप्प! गाडी सांगतेय ना?"

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागच्या सांध्यावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मला स्टिअरिंग इतकं फिरवायला लावलं, की तेवढ्यात उसाचा घाणा चालला असता.

"किती दिवस वाजतंय?"

"महिना झाला, अण्णा. मी गाणी मोठ्यानं लावतो."

लालबुंद होऊन त्यानं किल्लीच खिशात घातली. "चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट निखळायला आलाय! किल्ली आता तुझ्या बायकोलाच देणार."

उद्या अंकोल्याचा घाट उतरून माल पोचवायचा होता. मी आकाशपाताळ एक केलं. तो शांतपणे डबा खात बसला.

संध्याकाळी त्याचा निरोप मिळून बायको आली. त्यानं जुना जॉइंट तिच्या हातावर ठेवला. पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. "अक्का, नवा बसवलाय. ही किल्ली. गाण्यांचा टेप मात्र मी काढून ठेवलाय."

बायकोनं त्याला हात जोडले! तेव्हापासून मी घाट उतरतो तो गाण्यांऐवजी गाडीची बारीकसारीक कुरकुर ऐकत. या अन्यायाची दाद मागायची कुठे?