ओमारीचं शून्य

टाकीपाशी आला की ओमारी आधी टाकीकडे पाठ फिरवायचा. फिटर, वेल्डर, क्रेनवाला, आम्ही सगळे खोळंबून उभे असायचो, आणि हा सव्वासहा फुटांचा माणूस गॅस मोजायचं मुठीएवढं यंत्र घेऊन उलट्या दिशेला, समुद्राकडे चालू लागायचा. कुंपणाजवळ वाऱ्याच्या तोंडाला थांबायचा. हात डोक्याच्या वर, डोळे मिटलेले. तिथल्या स्वच्छ हवेत तो यंत्र शून्यावर आणायचा आणि मगच परत येऊन टाकीच्या तोंडातून नळी आत सोडायचा. नियमात हे आहेच, पण बाकीचे उभे असतील तिथेच बटण दाबून मोकळे होतात. कुवेतमधल्या फहाहीलच्या दक्षिणेचं ते पांढुरकं ऊन, मागे चिमणीच्या टोकावर दिवसाढवळ्या जळणारी ज्योत, पुढे हात वर केलेला तो उंच काळा माणूस. मला अजून झोपेत हेच दिसतं. स्वप्नात तो कधी वळत नाही.

"पहले झीरो बनाएगा, फिर नापेगा," तो म्हणायचा. "गंदा हवा में झीरो किया तो मशीन झूठ बोलेगा. पूरा ईमानदारी से झूठ बोलेगा."

आम्ही त्याच्या हिंदीला हसायचो. ती त्याने कामगारांच्या कॅम्पातल्या बिहारी वेल्डरांकडून उचलली होती. तो मोंबासाचा, केनियाच्या किनाऱ्यावरचा. तिकडे हिंदुस्थानी माणसाला मुहिंदी म्हणतात, म्हणून मला कायम "ए मुहिंदी" अशीच हाक. मी मूळचा नाशिकचा. कुवेतमध्ये बावीस वर्षं झाली. तेलाच्या कारखान्यात मी परमिटच्या खोलीत बसतो. टाकीत माणूस उतरण्याआधी जो कागद निघतो, तो मी काढतो. त्यावर चार सह्या लागतात. त्यातली गॅस तपासनिसाची सही खरी, कारण आत उतरणाऱ्याचा जीव तिच्यावर असतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

ओमारी रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याची फाइल माझ्या टेबलावर आली. प्रमाणपत्रं चोख, नऊ वर्षांचा अनुभव. मी फोटो पाहिला. फाइल मिटली. पुन्हा उघडून पुन्हा फोटो पाहिला. मग परमिटच्या नियमांत एक ओळ वाढवली, की ओमारी यांनी घेतलेलं प्रत्येक मोजमाप दुसऱ्या तपासनिसाने पुन्हा घ्यावं. त्याच महिन्यात केरळचा एक आणि फिलिपिन्सचा एक असे दोन नवे तपासनीस आले होते. त्यांच्यासाठी मी अशी ओळ लिहिली नाही.

का, असं विचाराल तर मला सांगता येत नाही. म्हणजे येतं, पण सांगवत नाही. मी तोवर आयुष्यात एकाही काळ्या माणसाशी चार वाक्यं बोललो नव्हतो. आमच्या इमारतीत, मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या पंगतीत "त्या लोकांचा काही भरवसा नाही बाबा" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. मीही म्हटलं असेल. घरात मुलीच्या सावळ्या रंगावरून हळूच उसासे टाकणारी माणसं आम्ही. पण असं काही आपल्या मनात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी स्वतःला सज्जन समजत होतो.

कागद साहेबांकडे गेला. आमचे साहेब ग्रॅहम, उत्तर इंग्लंडचे, उन्हाने मान लालबुंद झालेले, कामापुरतं बोलणारे. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "हे फक्त याच्यासाठीच का?"

"रुळेपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी जाड निळ्या शाईने सही केली. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून परमिटच्या खोलीत भिंतीवर लागला. खाली एकच सही होती, ग्रॅहम यांची. माझं नाव त्यावर कुठेच नव्हतं.

ते रुळणं चार वर्षं चाललं.

दुसरे तपासनीस दाऊदभाई, दापोलीकडचे. ओमारीने नळी बाहेर काढली की ते आपली नळी आत सोडायचे. त्या वेळी ओमारी त्यांच्यासाठी झाकण धरून उभा राहायचा. "आओ दाऊदभाई, हमारा दूसरा आँख." दाऊदभाई मान खाली घालायचे. एकदा माझ्या टेबलाशी येऊन ते हळूच म्हणाले, "साहेब, मना शरम वाटते. चार वर्सांत त्याचा आकडा नि माझा आकडा कदी वेगला आला नाय. आता तरी ता कागद काढा."

"साहेबांची सही आहे, दाऊदभाई," मी म्हणालो. खोटं नव्हतं. त्या कागदाबद्दल मी कधी खोटं बोललोच नाही. फक्त कुठे थांबायचं ते मला नेमकं कळायचं.

ओमारीने मला विचारलंच होतं, पहिल्या वर्षीच. चहाची वेळ होती. तो त्याच्या कपात आल्याचा तुकडा दाताने तोडून टाकायचा, तसा टाकला आणि म्हणाला, "मुहिंदी, तुम ऑफिस में बैठता है. सच बोलो. ये दो बार चेकिंग सबका है, या खाली हमारा?"

"प्रोसिजर है."

"किसका प्रोसिजर?"

मी भिंतीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याची नजर माझ्या नजरेमागून गेली आणि त्या निळ्या सहीवर थांबली.

"मालूम था," तो म्हणाला. त्याचे वडील मोंबासाच्या धक्क्यावर गोणी तोलायचे. त्यांनी तोललेली प्रत्येक गोणी गोरा अंमलदार पुन्हा काट्यावर चढवायचा. "हमारा बाप का नंबर नहीं माना, हमारा भी नहीं मानेगा. गोरा का आँख में हमारा नंबर कच्चा है." मग मोठ्याने हसला. "तुम लोग भी कम नहीं था हाँ, मुहिंदी! मोंबासा में तुम्हारा दुकान में हमारा अम्मा के लिए अलग कप था, टूटा कान वाला." त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "लेकिन तुम अलग है."

मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर नव्हती.

त्यानंतर ग्रॅहम साहेब खोलीत आले की ओमारी उठून बाहेर जाऊ लागला. सलाम नाही, नमस्कार नाही. विचारलं तेवढंच उत्तर. साहेबांनी एकदा मला थांबवून विचारलं, "मी त्याला कधी काही बोललोय का? माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याचं काहीतरी लांबवलंय."

तिथेही मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "त्याचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नका."

पुढे काही महिन्यांनी मी साहेबांना फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, की या लोकांशी फार जपून बोलावं लागतं, कशाचा काय अर्थ काढतील नेम नाही. आधी ते असं बोलत नसत. दोन माणसांच्या मधल्या जागेत मी बसलो होतो, आणि दोघेही मला भला माणूस समजत होते.

एक दुपार मात्र वेगळी गेली. धुळीचं वादळ आलं. आधी आकाश नारिंगी झालं, मग तपकिरी, मग चिमणीची ज्योतही दिसेनाशी झाली. काम थांबलं आणि आम्ही चौघे, साहेब, ओमारी, दाऊदभाई आणि मी, परमिटच्या खोलीत अडकलो. दाराच्या फटीतून बारीक धूळ पिठासारखी आत येत होती. आवाज सगळे दूरचे वाटत होते, पाण्याखाली बसल्यासारखे. तासाभराने दिवा लावला तर केसांपासून बुटांपर्यंत चौघे एका रंगाचे, ओल्या विटेच्या. पापण्यासुद्धा. कोण कुठला ते ओळखू येईना.

ओमारी आरशापाशी गेला, स्वतःकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आज सबका एक कंपनी," तो म्हणाला.

साहेब हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, खोकला येईपर्यंत हसले. दाऊदभाईंनी थर्मासमधला चहा ओतला. ओमारीने आपल्या हाताने पहिला कप साहेबांना दिला. ते बाहेर बोट दाखवून म्हणाले, "या हवेचा आकडा किती येईल रे?" ओमारी म्हणाला, "मशीन भी आज खाँसेगा, साहब."

त्या वेळी बोलायला हवं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात वारा पडला, साहेब तोंड धुवायला गेले आणि परत आले ते गोरे होऊनच. ओमारीही धुऊन आला. पुन्हा उठून बाहेर गेला.

चौथ्या वर्षी सुरक्षा पर्यवेक्षकाची जागा निघाली. ओमारीइतका लायक माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता. ती जागा मिळाली असती तर त्याला बायको-मुलांना इथे आणता आलं असतं. मुलीचा फोटो तो हेल्मेटच्या आत चिकटवून फिरायचा. अर्जावर साहेबांची शिफारस लागणार होती.

"वो सही नहीं करेगा," ओमारी म्हणाला. "माँगने में भी इज्जत जाता है, मुहिंदी." त्याने अर्ज केला नाही.

मुदत संपली त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "त्याचा अर्ज कसा आला नाही? मी वाट बघत होतो." मग स्वतःच म्हणाले, "माझ्या हाताखाली राहायचं नसेल त्याला." बाहेरचा माणूस आला. ओमारीने करार संपवून घरी जायचं ठरवलं.

निरोपाला केक आणला होता. कापायला सुरी माझ्या हातात दिली होती. साहेब पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. ओमारीने शांतपणे केकची बशी दोन्ही हातांनी उचलली. हात मोकळे नाहीत, असं दाखवलं. साहेबांचा हात क्षणभर हवेत राहिला आणि मग खिशात गेला. त्यांची लाल मान आणखी लाल झाली. मी केक कापला. सगळे तुकडे सारखे कापले, हे मला आठवतं.

शुक्रवारी सकाळी मी त्याला विमानतळावर सोडायला निघालो. फहाहील सोडलं नव्हतं, समुद्र उजव्या हाताला होता, दुधासारखा, आकाशाला कुठे चिकटतो ते न कळणारा. तो मुलीबद्दल बोलत होता. मी मधेच हिंदीत म्हणालो, "ओमारी, भिंतीवरची ती ओळ साहेबांची नव्हती. मी लिहिली होती. फक्त तुझ्यासाठी. तू यायच्या आधी. तुझा फोटो बघून."

त्याने एअर कंडिशनर बंद केला.

"गाडी रोको," तो म्हणाला.

मला वाटलं, तो सामान काढून टॅक्सीने जाईल. तो उतरून किनाऱ्याच्या कठड्यापर्यंत गेला, माझ्याकडे पाठ करून. वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिला. हातात यंत्र नव्हतं, तरी उजवा हात सवयीने थोडा वर गेला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने फोन काढला.

वाऱ्यामुळे मला शब्द ऐकू आले नाहीत. एवढं दिसलं, की सुरुवातीला तोच बोलला, मग खूप वेळ ऐकत राहिला, आणि शेवटी मोकळा हात छातीवर ठेवून दोनदा मान हलवली. परत येऊन त्याने पट्टा लावला.

"ग्रॅहम साहब बोला, सही उसका था, उसको दूसरी बार पूछना मँगता था. हम बोला, हमको भी." तो समोर पाहत होता. "चार साल हम गलत आदमी को नापा, मुहिंदी."

"आणि मला?" मी विचारलं. तोंडून मराठीच निघालं. त्याला मराठी येत नव्हती, पण कळलं.

"तुम?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता, म्हणूनच ते सोसवेना. "तुम्हारा अभी मालूम नहीं. एक बार का नंबर पे हम सही नहीं करता."

विमानतळावर त्याने हात मिळवला नाही. मीही पुढे केला नाही.

तो कागद मी दुसऱ्या दिवशी काढला. साहेब दारात उभे राहून बघत होते. ते मला काही बोलले नाहीत, आजही फारसं बोलत नाहीत. नोकरी माझी तशीच आहे. शिक्षा कुणी केली नाही, आणि माझ्या वयाला न झालेली शिक्षा जड जाते.

महिन्याभराने, एका शुक्रवारी, मोंबासाहून फोन आला. दुआ नाही, सलाम नाही. "मुहिंदी. नंबर बोलो."

मला समजलं. त्या आठवड्यात माणसांचे रंग बघून मनात काय काय येऊन गेलं ते मी सांगितलं. तेव्हापासून दर शुक्रवारी तो विचारतो आणि मी सांगतो. कधी कधी मोठ्या तोऱ्यात म्हणतो, "इस हफ्ते झीरो." तेव्हा तो ठसक्यात म्हणतो, "जो मशीन हमेशा झीरो दिखाता है, उसको पहले चेक करो. हवा अच्छा है, या मशीन मर गया?"

गेल्या आठवड्यात मंगफच्या आमच्या इमारतीत मी लिफ्टमध्ये शिरलो. मागून एक काळा तरुण सामानाच्या पिशव्या घेऊन धावत येत होता. माझं बोट दार मिटायच्या बटणाकडे गेलं. दाबलं नाही. दार धरलं. तो "थँक यू, अंकल" म्हणाला. पण बोट गेलं होतं.

शुक्रवारी मी हे सांगितलं. पलीकडे त्याच्या अंगणात कोंबड्या कलकलत होत्या.

"नंबर?" त्याने विचारलं.

"झीरो नहीं है, ओमारी."

त्याने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. त्याच्याकडेही समुद्राचा वारा असणार.

"ठीक है," तो म्हणाला. "मशीन जिंदा है."