सहा पोती ओला गहू

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळे कोरडेकाका म्हणायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोरडा आहे ना?" गव्हाला हात लावताना विचारला, रिकामी पोती झटकताना विचारला, ट्रकवरची ताडपत्री उलगडतानाही विचारला. "काका पाणी प्यायच्या आधीसुद्धा पेल्यात ओल मोजायचा मीटर बुडवून बघतात," असं लोक म्हणत. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

आमच्या भागातला सगळा गहू सरकारी खरेदी मंडळालाच द्यावा लागे, दुसऱ्या कुणाला विकायला बंदी होती. मंडळाच्या काट्यावर ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की पोतं माघारी. वडील गेल्यावर काका पहिल्यांदा एकटे गहू घेऊन गेले तेव्हा त्यांचा अख्खा ट्रक परत आला होता, तोही सगळ्यांच्या देखत. त्यानंतर त्यांचं एक पोतंही कधी परत आलं नाही. पुढे शेतकऱ्यांनीच त्यांना काट्यावर आपला पंच नेमलं. मंडळाचा माणूस आकडा सांगायचा आणि काकांनी मान हलवली की मगच लोक तो मानायचे.

त्यांची मुलगी शहरात मंडळाच्या पीठगिरणीत अकरा वर्षं यंत्रावर होती. ती परत आली ते एक खूळ घेऊनच, असं काका म्हणत. आपला गहू इथेच दळायचा, काकांच्याच जुन्या शेडमध्ये रोलरची छोटी गिरणी बसवायची. तिने यंत्र बसवलं आणि बऱ्याच खेपा घातल्यावर मंडळ सहा पोत्यांच्या चाचणीला तयार झालं. पीठ पसंत पडलं तर प्रत्येकाला निम्मा गहू गिरणीला द्यायची मोकळीक. नाही पडलं तर पाच वर्षं हा विषय काढायचा नाही.

चाचणीआधी शाळेच्या मोठ्या खोलीत बैठक झाली. आमच्यात एक मोठ्या आवाजाचा शेतकरी होता, त्याला भोंगा म्हणत. तो बाकावरच उभा राहिला.

"आपला गहू इथून पोत्यातून जातो आणि दुकानात पुड्यातून परत येतो. मधल्या मधे आपण कोण? हमाल!"

"हमाल तरी वेळेवर घरी जातो रे," मागून कुणीतरी म्हणालं.

हशा ओसरल्यावर काका उठले. "मंडळ गुणाचं आहे असं मी म्हणत नाही. पण पीक जास्त येवो, कमी येवो, ते गहू घेतं. उद्या गिरणी बंद पडली तर पीठ काय अंगाला फासणार? पिकवणं आपलं काम. दळणं ज्याचं त्याने बघावं."

मुलगी पहिल्याच रांगेत होती. "ज्याचं म्हणजे कुणाचं, बाबा? अकरा वर्षं मी तेच बघत होते."

"बापलेकीचं भांडण घरी करा," भोंगा म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. ते दोघं मात्र हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं ताटावर बसण्यापुरतं उरलं.

चाचणीच्या दिवशी उजाडता उजाडता काका माझ्या दारात उभे.

"दाजी, शेडवर येता का जरा? तिचा गहू बघून येऊ."

"तुमचा तर विरोध आहे ना?"

"तो गिरणीला. पोरीचा माल चारचौघांत नापास होऊ नये."

मुलगी पहिल्या गाडीने चाळण्यांची नवी जाळी आणायला शहरात गेली होती. येताना मंडळाच्या साहेबांना घेऊन ती दुपारी पोचणार होती. शेडमध्ये सहा पोती नीट रांगेत होती. काकांनी पहिल्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच थांबले. मग दुसऱ्यात घातला, तिसऱ्यात घातला. मीटर लावला, तर आकडा साडेपंधरा.

"दाजी, बुडालो. यात पाणी शिरलंय."

मी छपराकडे पाहिलं. आठ दिवस आभाळात ढग नव्हता. "तिला फोन करू या का?" मी म्हणालो.

"कशाला? गाडीत जीव टांगून बसेल. ऊन वर येतंय, हातपाय हलवू."

माझं म्हणणं मी कधी दुसऱ्यांदा मांडत नाही. तेव्हाही मांडलं नाही. आम्ही सहाही पोती अंगणात ओतली, बोटभर जाडीचा थर पसरला. काका अनवाणी त्यातून फिरत पायांनी ओळी पाडत होते. एका टोकाला पोचले की वळायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. मी चार फेऱ्यांत दमलो. ते सत्तरीचे, पण साडेबारापर्यंत खाली बसले नाहीत. मीटरवर बाराचा आकडा आला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही आम्ही मोठं काम केल्यासारखं वाटलं. पोती भरून त्यांनी तोंडं होती तशीच बांधली.

"तिला सांगू नका हं," ते म्हणाले. "उपकार केल्यासारखं वाटेल."

दुपारी तीनला शेडपुढे शे-दीडशे माणूस जमलं. मुलगी वर चाळण्यांपाशी होती, हमाल खाली यंत्राच्या तोंडात पोती रिकामी करत होते. पहिलं पीठ आलं तेव्हा भोंग्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. साहेबांनी मूठभर पीठ काळ्या पाटीवर पसरलं, पट्टीने दाबून सपाट केलं आणि पाटी उजेडात धरली. पिठात तांबूस ठिपकेच ठिपके होते.

"कोंडा उतरलाय," साहेब हळूच म्हणाले. "हे पसंत करता येणार नाही."

मुलगी शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच उतरली. शेवटचं पोतं अजून बांधलेलं होतं. तिने ते सोडून आत हात घातला.

"हा मी ठेवलेला गहू नाही. काल संध्याकाळी मी पाणी मारून मुरत ठेवला होता."

"पाणी?" दोघातिघांनी एकदम विचारलं.

"मारावंच लागतं. पाणी मुरलं की टरफल चिवट होतं, मोठ्या तुकड्यांनी सुटतं. कोरड्या गव्हाच्या टरफलाचा भुगा होतो आणि तो पिठात जातो. रोलरच्या गिरणीचा पहिला धडाच तो आहे."

आमच्यापैकी कुणाला तो माहीत असणार? आम्ही गहू पोत्यात भरून काट्यापर्यंत नेणारे. पुढे त्याचं काय होतं ते कधी पाहिलंच नव्हतं. मी काकांकडे बघितलं. ते पाटीकडे बघत होते.

"पोती बदलली!" भोंगा ओरडला. "साहेब आत चहा घेत होते तेव्हा यांचा चालक पोत्यांपाशी घुटमळत होता. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"अहो, मी सावलीला बसलो होतो," चालक म्हणाला. तोवर भोंग्याने त्याची कॉलर धरली होती. चौघं-पाच जण पुढे सरसावले. साहेब मधे गेले तर त्यांनाही धक्का बसला आणि पाटी खाली पडून फुटली.

काका गप्प राहिले असते तर दोष मंडळावर गेला असता आणि मुलीची बाजू उलट बळकट झाली असती. बोलले असते, तर बैठकीत उघड विरोध करणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार होतं? ते गप्पच राहावेत असं मला वाटलं. हे लिहायला लाज वाटते.

"सोड त्याला," काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण काट्यावर तोच ऐकायची लोकांना सवय होती. "गहू मी वाळवला."

भोंग्याने कॉलर सोडली. "वा, काका! बैठकीत जमलं नाही ते अंगणात करून दाखवलंत."

"घरभेदी," कुणीतरी म्हणालं.

मुलगी पोत्यातला हात काढायचं विसरली होती. "बाबा, मुद्दाम?"

"मुद्दामच गं. तुझा ओला माल लोकांसमोर परत जाऊ नये म्हणून..."

"मीपण होतो," मी म्हणालो. जवळच्या तिघाचौघांनाच ते ऐकू गेलं असावं.

"एकाच माळेचे मणी," भोंगा म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "मालाला मधे हात लागला असेल तर चाचणी नापास धरत नाहीत, रद्द करतात. उद्या दहाला पुन्हा घेता येईल. पण मला लेखी लागेल. आणि काका, मालाला हात लावल्याचं लिहून देणाऱ्याला काट्यावर पंच राहता येत नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

"कागद काढा."

साहेब लिहू लागले. भला माणूस होता. म्हणाले, "'गैरसमजातून' असं घालतो."

"नको," काका म्हणाले. "'गव्हाची माहिती नसल्यामुळे' असं घाला."

भोंगा खाली बघत फुटक्या पाटीचे तुकडे पायाने एका बाजूला सारत राहिला. काकांनी सही केली, गळ्यातला पंचाचा पितळी बिल्ला काढला आणि कागदावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी नव्या पाटीवर पीठ स्वच्छ उतरलं आणि निम्म्या गव्हाची मोकळीक मिळाली. काट्यावर दुसरा पंच आला. काकांनी चाचणी मुद्दामच बिघडवली असं म्हणणारे अजूनही आहेत. मी काय बोलू? पण सही केली त्या संध्याकाळी मी शेडमध्ये होतो.

काकांनी घरची सहा पोती आणून जमिनीवर ओतली. मुलीने झारी भरली आणि त्यांच्यापुढे धरली.

"मी?" ते म्हणाले.

"मला ढवळायचंय. माझे हात दोनच आहेत."

त्यांनी झारी घेतली, गव्हावर नेली, पण तिरपी करेनात.

"ओता ना, बाबा."

पाणी पडलं तशी त्यांनी मान वळवली.

"इकडे बघा, नाहीतर एकाच जागी पडेल."

"बघतोय."

ते बघत नव्हते. तिने फावडं टेकवून ठेवलं आणि त्यांचं मनगट धरून झारी दुसऱ्या बाजूला नेली. मग ते बघू लागले. पाणी पडेल तिथे गहू गडद होत होता.

"पुरे?" त्यांनी विचारलं.

"अजून."

त्यांनी ओतलं.