सतरा नंबरचा शर्ट

शिट्टीमास्तर आठवड्याचे सहा दिवस लिफ्ट दुरुस्त करत आणि सातव्या दिवशी शिव्या खात. लिफ्ट बंद पडली तर लोक निदान जिन्याने जातात. फुटबॉलच्या खालच्या लीगमधल्या रेफ्रीला तेवढीही सवलत नाही. चुन्याची रेघ अर्ध्या मैदानापर्यंतच पोचलेली, गोलची जाळी जागोजागी सुतळीने बांधलेली, राखीव खेळाडू बाकावर सिगारेट ओढत बसलेले. पण या सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत, की रेफ्रींचा दर्जा घसरलाय. मास्तर हे एकोणीस वर्षं ऐकत आले होते. तो नेमका कुठल्या उंचीवरून घसरला, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

हे दुखणं जुनं, अंगवळणी पडलेलं. नवं दुखणं होतं मेहुण्याचं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गाडी चालवायला शिकवायचा. त्याला या फंदात ओढलं ते मास्तरांनीच. जेवणाच्या टेबलावर बायकोच्या डब्यातली बटणं मांडून त्याला ऑफसाइड समजावला, स्वतःची जुनी शिट्टी धुऊन दिली. आणि आता हा पठ्ठ्या मैदानावर असा वावरायचा, जणू खेळ त्याच्याच घरचा आहे. खेळाडू त्याचं म्हणणं ऐकून घेत. एकदा तर हरलेल्या संघाच्या गोलकीपरने त्याला आपल्या हाताने पाण्याची बाटली दिली. मास्तरांनाही एकोणीस वर्षांत एकदा बाटली मिळाली होती, पण ती फेकून मारलेली.

मास्तर जळत होते, त्याला दुसरा शब्द नाही. लिफ्टच्या तारांना ग्रीस लावताना त्यांच्या मनात मेहुण्याचे सामने चालत आणि त्यांत तो चुकत असे. प्रत्यक्षात मेला चुकत नव्हता.

यंदा वरच्या लीगमध्ये एकच रेफ्री घ्यायचा होता. निरीक्षक सामने बघून गुण देत. मास्तर पहिले, मेहुणा दुसरा, फरक दोन गुणांचा, आणि मेहुण्याचा एक सामना बाकी. पुढच्या वर्षी मास्तर वयाच्या अटीत बसणार नव्हते; मेहुण्यापुढे अजून पंधरा वर्षं पडली होती. कुणीही गेलं तरी घरातलंच माणूस जाणार, असं बायको आनंदाने म्हणे. मास्तर मान डोलवत आणि ताटात बघत.

त्या शेवटच्या सामन्याला लाइनवर झेंडा घेऊन उभं राहायला माणूस मिळेना, म्हणून लीगच्या सेक्रेटरीने मास्तरांनाच पाठवलं. निरीक्षक थर्मास आणि वही घेऊन पायऱ्यांवर बसले होते.

मेहुण्याने पहिला अर्धा वेळ झकास काढला. पाच नंबरच्या बचावपटूने चेंडू रागाने बाहेर उडवला, त्याला पिवळं कार्ड दिलं, तेही हसतमुखाने. मध्यंतराच्या जरा आधी त्याच पाच नंबरचा शर्ट झटापटीत फाटला. खालच्या लीगमध्ये त्याच नंबरचा दुसरा शर्ट कुणाकडे असतो? पिशवीत हाताला लागेल तो घालायचा. खेळ पुन्हा सुरू होताना त्यांचा मॅनेजर लाइनवर आला आणि त्याने मास्तरांना सांगितलं, की आमचा पाच आता सतरा घालून खेळेल. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. रेफ्रीला हे सांगणं लाइनवरच्या माणसाचं काम.

मास्तर सांगायला निघाले होते, ही गोष्ट खरी. चार पावलं आतही गेले. समोर मेहुणा दोन्ही कर्णधारांशी काहीतरी बोलत होता आणि तिघे हसत होते. मास्तर परत फिरले.

अर्ध्या तासाने सतरा नंबरने एकाला मागून पाडलं. मेहुण्याने पिवळं कार्ड काढलं, वहीत सतरा लिहिलं आणि खेळ सुरू केला. एकाच माणसाला दोन पिवळी म्हणजे लाल. तो बाहेर जायला हवा होता. झेंडा वर करायला मास्तरांना अजूनही वेळ होता. मास्तरांनी तो मांडीला चिकटवून खालीच धरला. शेवटच्या मिनिटाला सतरा नंबरनेच डोक्याने गोल मारला आणि त्याचा संघ जिंकला.

सामना संपला तसे निरीक्षक कपडे बदलायच्या खोलीत आले. त्यांनी शर्ट बदललेला पाहिला होता. मेहुण्याच्या वहीतले दोन नंबर त्यांनी त्याला दाखवले आणि विचारलं, की लाइनवरून तुला कुणी सांगितलं नाही का. नाही म्हटलं असतं, तर मेहुणा बराचसा सुटला असता आणि मास्तरांचे गुण कापले गेले असते. मास्तर बाकावर बसून बुटाची गाठ सोडत होते. ती सुटत नव्हती.

“सांगितलं होतं,” मेहुणा म्हणाला. “मीच विसरलो.”

निरीक्षकांनी लिहून घेतलं आणि ते गेले. मास्तरांनी हळूच विचारलं, की खोटं का बोललास.

मेहुणा शर्टाची घडी घालत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“तुमच्यासाठी नाही बोललो, भावोजी. ताईला काय सांगणार होतो मी?”

पुढच्या आठवड्यात मास्तरांना वरच्या लीगचं पत्र आलं. बायकोने ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि लगेच भावाला फोन लावला. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले होते. फोनचा आवाज तिने मोठा ठेवला होता.

“भावोजींनी सांगितलेलं विसरतोस कसा रे?” ती लाडाने रागावली. “एवढी साधी गोष्ट. जरा शीक त्यांच्याकडून.”

पलीकडून मेहुणा हसला. चुकलंच ताई, म्हणाला, आणि भावोजींना अभिनंदन सांग. त्या हसण्यात टोमणा असेल म्हणून मास्तरांनी कान टवकारले, पण काही नव्हतं. बहीण खूश झाली म्हणून भाऊ हसत होता, एवढंच. बायकोने फोन त्यांच्यापुढे धरला. हातात पत्र घेऊन बसलेल्या मास्तरांना त्या हसण्याचासुद्धा हेवा वाटला.